वर्षभरात काय काय बघितलं? सिनेमांच्या नोंदींबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात सहज विचारलं होतं की बघितलेल्या सिनेमांची वर्षभराची यादी तुमच्यापैकी कोण कोण ठेवतं, आणि ठेवत असाल तर अडतं कुठे. वाटलं होतं चार-दोन उत्तरं येतील, इथे तर ढीग लागलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काहींची भाषा थोडी आवरलीये (एका दादांनी स्टार द्यायच्या पद्धतीबद्दल जे लिहिलंय ते छापता येणार नाही, पण मुद्दा पोचला). उत्तरं माझ्या मताने दिलीयेत, पटली नाहीत तर पुढच्या अंकात भांडू.

प्रश्न : ताई, यंदा ठरवलंय की बघितलेला प्रत्येक सिनेमा लिहून ठेवायचा, पण सुरुवातच होत नाहीये. वही घेऊ, एक्सेल शीट करू की लेटरबॉक्स्ड वगैरे ॲप वापरू? मित्र म्हणतो ॲपशिवाय काही खरं नाही.

उत्तर : मित्राचं अर्धं बरोबर आहे. ॲप सोपं पडतं हे खरंच, लेटरबॉक्स्डवर (न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या दोघांनी २०११ मध्ये सुरू केलेलं) नुसतं नाव टाकलं की दिग्दर्शक, वर्ष, लांबी, पोस्टर सगळं आयतं येतं, तुम्ही फक्त तारीख टाकायची, आधी बघितलेला असेल तर तशी टिक करायची, झाली डायरी. पण ॲपची एक गोची आहे जी मित्र सांगणार नाही, तिथे चार लोक वाचतात, आणि चार लोक वाचणार म्हटलं की माणूस स्वतःसाठी लिहायचं सोडून टाळ्यांसाठी लिहायला लागतो. एक चुरचुरीत वाक्य टाकायचं, लाईक्स मोजायचे, आणि सहा महिन्यांनी तेच वाक्य वाचलं तर विनोद कळतो पण सिनेमात काय होतं ते काही केल्या आठवत नाही.

वहीचं नेमकं उलटं. कुणी बघत नाही, कसंही वेडंवाकडं लिहा, पण मार्चमध्ये बघितलेला 'तो कोरियन सिनेमा कुठला बरं' म्हणून नोव्हेंबरमध्ये शोधायला गेलात की बसा पानं उलटत.

मला विचाराल तर साधी शीट. फोनवर पण उघडते, लॅपटॉपवर पण. फक्त सुरुवातीलाच दोन-तीन गोष्टी नीट करून ठेवा म्हणजे डिसेंबरमध्ये डोक्याला ताप होत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, २०२५-०३-०७ अशी, नाहीतर ७ मार्च की ३ जुलै हा घोळ हमखास होतो, एक्सेलचाही आणि तुमचाही. नावाचा कॉलम आधीच टेक्स्ट म्हणून सेट करा, कारण '१९१७' किंवा '८३' असलं नाव टाकलं की शीटला तो आकडा वाटतो आणि सॉर्ट केल्यावर हे सिनेमे बाकीच्यांपासून फुटून भलतीकडे जाऊन बसतात. आणि मराठी नावं देवनागरीत, बाकीची रोमनमध्ये असं करणार असाल तर खुशाल करा, पण मग एकदा 'फँड्री' आणि एकदा 'फंड्री' असं नको, सर्चला तो चंद्र कळतो, त्याला ते दोन वेगळे सिनेमे वाटतात.

प्रश्न : गेल्या वर्षी पूर्ण वर्षभर लिहिलं. आता ती यादी वाचतेय तर 'छान सिनेमा, अभिनय उत्तम, नक्की बघावा' असं पानोपानी आहे, आणि त्यातले निम्मे सिनेमे मला आठवतच नाहीयेत! मग काय उपयोग? नेमकं लिहायचं तरी काय?

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण खरी मेख इथेच आहे. 'अभिनय उत्तम' हे कुठल्याही सिनेमाला चिकटतं आणि म्हणून ते वाचून कुठलाच सिनेमा परत येत नाही. कथा लिहून ठेवायचीही गरज नाही, ती कुठेही सापडते, तुमच्या नोंदीत तेच हवं जे दुसरीकडे कुठे सापडणार नाही, म्हणजे तुम्हाला काय दिसलं आणि तुम्ही तेव्हा कसे होतात.

उदाहरण देते. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' घ्या. 'न्यायव्यवस्थेवर मार्मिक भाष्य' असं लिहिलंत तर ते पोस्टरवरचं वाक्य झालं. त्याऐवजी समजा असं लिहिलं : 'कोर्टाला सुट्टी लागली. दिवे बंद, दारं बंद, पडदा काळा. वाटलं संपला. पुढच्या रांगेतले दोघं उठले पण. मग परत सुरू झाला, ते दोघं उभ्या उभ्याच बघत राहिले.' हे तुकडे पाच वर्षांनी वाचा, अख्खा सिनेमा परत उभा राहतो, इतकंच नाही तर आपण कुठे बसलो होतो तेही. किंवा नुसतं 'सरकारी वकील बाई घरी स्वयंपाक करताना' एवढं लिहिलं तरी पुरे, कारण दिग्दर्शकाने वकिलाला कोर्टाबाहेर, तिच्या घरात नेऊन का दाखवलं हा प्रश्न त्या एका ओळीला चिकटून येतो आणि मग बाकीचं आपोआप आठवतं. (ज्यांनी 'कोर्ट' बघितला नाही त्यांची माफी, पण आता दहा वर्षं होऊन गेली, एवढं चालतं.)

तर माझा नियम असा की दर सिनेमामागे एक तरी डोळ्यांनी दिसलेली किंवा कानांनी ऐकलेली गोष्ट. मत नाही, गोष्ट. एखादा शॉट, एखादं वाक्य, कुणाच्या तरी हाताची हालचाल, पार्श्वभूमीला वाजणारा रेडिओ, काहीही. मत त्याच्याखाली लिहा हवं तर, पण ते दुसऱ्या दिवशी. दिसलेलं त्याच रात्री लिहावं कारण ते लगेच उडतं, आणि मत मात्र झोप झाल्यावर, कारण थिएटरमधून बाहेर पडताना आपण बऱ्याचदा शेवटाच्याच गुंगीत असतो, शेवट दणक्यात झाला की मधला तासभराचा कंटाळा माफ करून टाकतो आणि शेवट फसला की चांगले दोन तास पण वाया गेल्यासारखे वाटतात.

याशिवाय तीन बारीक कॉलम ठेवा ज्यांना लोक फालतू समजतात. कुठे बघितला (थिएटर, टीव्ही, लॅपटॉप, फोन), कुणाबरोबर, आणि कुठल्या भाषेत, म्हणजे मूळ भाषेत सबटायटल लावून की डब केलेला. तिसऱ्याचं महत्त्व नंतर कळतं. एखाद्या नटाचा आवाज तुम्हाला फार आवडला होता आणि शीट उघडून बघावं तर सिनेमा डब केलेला, म्हणजे ते कौतुक दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. आणि एकाच सिनेमाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर तेही लिहा, 'ब्लेड रनर' १९८२ चा वेगळा, १९९२ चा डायरेक्टर्स कट वेगळा आणि २००७ चा फायनल कट वेगळा, एकाने पहिला बघितलाय आणि दुसऱ्याने शेवटचा, आणि दोघं तावातावाने भांडतायत असं मी प्रत्यक्ष बघितलंय.

किती लिहायचं? उभ्या उभ्या फोनवर टाईप करता येईल एवढंच. मोठं लिहायचं ठरवलं की ते 'उद्या निवांत लिहू'वर जातं, आणि निवांत वेळ कधी येत नाही.

प्रश्न : सिनेमाचं वर्ष कुठलं लिहायचं? ॲपवर वेगळं दिसतं, मला आठवतं ते वेगळं.

उत्तर : कारण फेस्टिव्हल आणि थिएटर यांच्यात अंतर असतं. वर उल्लेख केलेला 'कोर्ट' व्हेनिसला दाखवला २०१४ मध्ये आणि भारतात थिएटरला लागला एप्रिल २०१५ मध्ये. 'फँड्री' मुंबईच्या फेस्टिव्हलला २०१३ मध्ये, थिएटरला फेब्रुवारी २०१४ मध्ये. लेटरबॉक्स्ड आणि आयएमडीबी (सिनेमांच्या माहितीची साईट) साधारण पहिल्या जाहीर खेळाचं वर्ष धरतात, तुमच्या आठवणीत थिएटरचं असतं. हे आत्ताचंच दुखणं आहे असंही नाही, 'कासाब्लांका' न्यूयॉर्कला नोव्हेंबर १९४२ मध्ये लागला, बाकी अमेरिकेत १९४३ मध्ये गेला, आणि ऑस्कर मिळालं ते १९४३ च्या सिनेमांमध्ये. एक पद्धत धरा आणि वर्षभर तीच चालवा, माझं मत पहिल्या खेळाच्या वर्षाला, कारण पडताळायला सोपं जातं. पण वर्ष लिहाच हां, गाळू नका. 'श्यामची आई' एवढंच लिहिलं तर १९५३ चा की २०२३ चा हे पुढे कुणाला कळणार? 'देवदास'ची तर गोष्टच सोडा.

प्रश्न : अर्ध्यात झोप लागली तर तो सिनेमा यादीत धरायचा का? नवरा म्हणतो फसवणूक आहे.

उत्तर : नवरोबांना सांगा की धरायचा, पण खरं लिहून. 'साधारण चाळीस मिनिटांनंतर झोपले' ही नोंद 'अभिनय उत्तम'पेक्षा कितीतरी कामाची. मोजताना मात्र पूर्ण बघितलेल्यांतच मोजा. मुद्दाम सोडलेले सिनेमे पण लिहा, कुठे सोडला आणि का ते, वर्षाअखेरीस या सोडलेल्यांच्या ओळी सलग वाचल्या की स्वतःबद्दल बरंच कळतं, उदाहरणार्थ आपण कायम पहिल्या वीस मिनिटांतच उठतो, किंवा दमलेलो असताना कायम जडच सिनेमे लावतो आणि मग दोष सिनेमाला देतो.

प्रश्न : शॉर्ट फिल्म, डॉक्युमेंटरी, वेब सिरीज यातलं काय काय सिनेमात धरायचं? मिनी सिरीज आठ भागांची असते, म्हणजे खरं तर तो लांब सिनेमाच की.

उत्तर : डॉक्युमेंटरी हा सिनेमाच आहे, त्यात विचारायचं काय! शॉर्ट फिल्मला ऑस्करवाल्यांची रेघ सोयीची आहे, श्रेयनामावलीसकट ४० मिनिटं किंवा कमी असेल तर शॉर्ट, त्यापुढे फीचर. शॉर्ट वेगळ्या पानावर ठेवा, नाहीतर एका रविवारी बारा शॉर्ट बघून लोक यादी फुगवतात.

सिरीजबद्दल मी जरा कडक आहे. 'लांब सिनेमाच आहे' हे सिरीज बनवणारेच मुलाखतीत जास्त सांगतात, आणि ते सांगतात म्हणून आपण ऐकायला पाहिजे असं काही नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी तुम्हाला पुढच्या भागात ओढायची कसरत असेल तर ती सिरीज. पण हा नियम लावायला गेलं की कडेला काही अडचणीची मंडळी उभी असतातच. पोलिश दिग्दर्शक किस्लोव्हस्कीचं 'डेकालॉग' पोलिश टीव्हीसाठी केलेलं, साधारण तासातासाचे दहा भाग, प्रत्येकाची गोष्ट स्वतंत्र, मी ते दहा नोंदी म्हणून लिहिते आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा 'फॅनी अँड अलेक्झांडर' थिएटरमध्ये तीन तासांच्या वर आणि टीव्हीवर पाच तासांच्या वर, कुठला बघितला ते लिहावंच लागतं. 'गँग्ज ऑफ वासेपूर' एकच सिनेमा म्हणून केला आणि २०१२ मध्ये आपल्याकडे दोन भागांत लावला, ज्याने एका बैठकीत बघितला त्याने एक लिहावं, ज्याने दोन तिकिटं काढली त्याने दोन. आणि हे सगळं किचकट वाटत असेल तर 'इतर' नावाचं एक शीट काढा आणि शंकास्पद सगळं तिकडे ढकला, कुणी तपासायला येत नाहीये.

प्रश्न : माझी ९० टक्के रेटिंग्ज साडेतीन स्टार आहेत. काय चुकतंय?

उत्तर : साडेतीन म्हणजे 'मला ठरवायचं नाहीये'. बघा ना, अर्ध्यापासून पाचपर्यंत अर्ध्या-अर्ध्याने गेलं तर दहा पायऱ्या होतात, आणि आपण वापरतो जेमतेम तीन. त्यात आपण मुळात आवडेल असाच सिनेमा निवडून लावतो, त्यामुळे सगळे आकडे वरच्या बाजूला गर्दी करतात यात नवल नाही.

दुसरं म्हणजे स्टार नेमके कशाचे ते आपण ठरवलेलंच नसतं. एखादा सिनेमा जबरदस्त बनवलेला असतो पण परत बघायची हिंमत होत नाही, आणि एखादा ठीकठाक असतो पण पावसाळी दुपारी पुन्हा पुन्हा लावला जातो, आता या दोघांना एकाच मापाने कसं मोजणार? लेटरबॉक्स्डवाल्यांनी स्टारशेजारी वेगळं बदामाचं चिन्ह ठेवलंय ते यासाठीच उपयोगी पडतं, दोन स्टार आणि बदाम असंही देता येतं. अमेरिकन समीक्षक रॉजर इबर्ट वर्षानुवर्षं चारपैकी स्टार देत होते आणि तरी सांगायचे की हे आकडे सापेक्ष आहेत, सुपरहिरोचा सिनेमा सुपरहिरोच्या सिनेमाशीच ताडायचा. म्हणजे ज्यांचा तो धंदाच होता त्यांनाही या आकड्यांवर एवढ्या सूचना चिकटवाव्या लागत होत्या.

शीट असेल तर स्टार काढूनच टाका आणि एक कॉलम ठेवा 'परत बघेन का', त्यात हो, नाही, किंवा 'अमुक सोबत असेल तर'. ही तिसरी उत्तरं फार मजेशीर निघतात. आणि हो, मत बदललं म्हणून जुनं रेटिंग खोडू नका, नवीन तारखेने नवीन ओळ टाका, कारण विशीत डोक्यावर घेतलेला सिनेमा चाळिशीत कसा वाटला हे दोन्ही ओळी शेजारी असल्या तरच दिसतं.

प्रश्न : दादा लोकांचा ग्रुप आहे आमचा, ३६५ दिवसांत ३६५ सिनेमे असं चॅलेंज घेतलंय. मी मागे पडलोय म्हणून आता दीडपट स्पीडने बघतोय. चालेल ना?

उत्तर : तू कॉलेजात आहेस असं पत्रावरून दिसतंय म्हणून अरेतुरे करते. हिशोब कर, सरासरी दोन तास धरले तर ३६५ सिनेमे म्हणजे ७३० तास, म्हणजे सलग ३० दिवस आणि वर १० तास, झोप-जेवण-अभ्यास काही न करता. करणारे करतात, मी नाही म्हणत नाही. पण असं टार्गेट घेतलं की ऑक्टोबरपासून सिनेमा निवडतो तो आकडा, तू नाही. ७० मिनिटांचा काय आहे, ८० मिनिटांचा काय आहे, एवढंच शोधलं जातं, आणि तीन तासांचा म्हटलं की 'पुढच्या वर्षी'. म्हणजे सात तासांच्या वर चालणाऱ्या 'सातानटँगो'ची किंमत तुमच्या चॅलेंजमध्ये एक आणि सव्वा तासाच्या कार्टूनची पण एक!

स्पीडचं म्हणशील तर दोन तासांचा सिनेमा दीडपटीने ८० मिनिटांत उरकतो, बरोबर, पण मग जिथे दिग्दर्शकाने मुद्दाम शांतता ठेवलीये तीच आधी मरते, संवाद एकवेळ समजतात. (गंमत म्हणजे आपण सगळ्यांनीच नकळत थोड्या स्पीडने सिनेमे बघितलेत. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, जुनी पॅल टीव्ही सिस्टिम २५ ची, त्यामुळे टीव्हीवर नाहीतर पॅल डीव्हीडीवर १०० मिनिटांचा सिनेमा साधारण ९६ मिनिटांत संपायचा आणि आवाज किंचित चढा लागायचा. कुणाच्या लक्षात आलं नाही. पण ते चार टक्के होते रे, पन्नास नाही.) आकडा हवाच असेल तर सिनेमे मोजण्याऐवजी तास मोजा, म्हणजे मोठा सिनेमा लावायला कुणी घाबरणार नाही. आणि यादीत 'दीडपट स्पीड' असं लिही, ग्रुपला दिसू दे.

प्रश्न : अर्धं वर्ष उलटून गेलं, आता सुरुवात केली तर आधीचे सिनेमे कसे आठवू?

उत्तर : डोक्याला ताण देऊ नका, फोनला विचारा. तिकीट बुकिंगचे मेल आणि मेसेज असतात. नेटफ्लिक्सच्या अकाउंटमध्ये जाऊन प्रोफाईलची बघितल्याची यादी तारखेसकट डाऊनलोड होते. फक्त त्यात दोन लोच्ये, एक म्हणजे पाच मिनिटं बघून बंद केलेलं पण त्यात दिसतं, आणि दुसरं, घरातले सगळे एकाच प्रोफाईलवर बघत असतील तर ती यादी तुमची नसून घराची आहे. मग व्हॉट्सॲपवर मित्रांना पाठवलेले मेसेज शोधा, 'सिनेमा', 'पिक्चर', 'बघितलास का' असं सर्च केलं की बऱ्याच गोष्टी वर येतात, आणि तिथे तुमचं ताजं मतही सापडतं, ते जसंच्या तसं उचलून ठेवा. तारीख नक्की नसेल तर महिना लिहा आणि पुढे 'अंदाजे'. उगाच १५ तारीख टाकून मोकळं होऊ नका.

प्रश्न : आम्ही दोघं मिळून एकच यादी ठेवतो. भांडणं होतात. वेगळी करावी का?

उत्तर : अजिबात नको! एक यादी, दोन कॉलम, आणि एकमेकांचं वाचायच्या आधी आपलं लिहायचं. बस एवढंच. एकाने आधी बोलून टाकलं की दुसऱ्याचं मत आपोआप तिकडे झुकतं किंवा मुद्दाम उलट्या टोकाला जातं, दोन्ही वाईट. दोघांना एकाच सिनेमातला वेगवेगळा प्रसंग लक्षात राहिलाय हे बघायला जी मजा येते ती एकट्याच्या यादीत नाही.

प्रश्न : घरचे म्हणतात हे याद्या करायचं वेड आहे, यातून काय मिळणार? (हा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे.)

उत्तर : आयएमडीबी मिळाली ना! कॉल नीडम नावाचा इंग्लंडमधला सिनेमावेडा मुलगा आपण बघितलेल्या सिनेमांची माहिती कॉम्प्युटरवर भरत बसायचा, मग १९९० मध्ये यूजनेटवरच्या (तेव्हाचे ऑनलाइन चर्चेचे ग्रुप) लोकांनी जमवलेल्या नटनट्यांच्या आणि दिग्दर्शकांच्या याद्या त्याने एकत्र शोधता येतील असं केलं, आणि तिथून ती साईट उभी राहिली. १९९८ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतली. घरच्यांना हे सांगा, पण 'मग तू कधी विकणार' असं विचारलं तर माझं नाव सांगू नका.

काही मिळालंच पाहिजे असं मात्र मला वाटत नाही. स्टीव्हन सोडरबर्ग, 'ट्रॅफिक'चा दिग्दर्शक, दरवर्षी जानेवारीत आपल्या साईटवर गेल्या वर्षात काय बघितलं आणि काय वाचलं त्याची तारीखवार यादी टाकतो. सिनेमा, सिरीज, पुस्तक सगळं वेगवेगळ्या टाईपात, स्टार नाहीत, मतं नाहीत, नुसती नावं. कोरडी वाटते, पण वाचायला बसलं की सुटत नाही, कारण कामाच्या दिवसांत हा माणूस काय बघतो, एकच सिनेमा परत कधी लावतो, हे सगळं ओळींच्या मधून दिसत राहतं. तुमची स्वतःची यादी तर तुम्हाला याहून जास्त दाखवेल, कारण त्या आठवड्यात काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत असतं.

प्रश्न : ॲप उद्या बंद पडलं तर?

उत्तर : वर्षातून दोनदा एक्स्पोर्ट घ्या. लेटरबॉक्स्डच्या सेटिंगमधून सीएसव्ही फाईली (शीटमध्ये उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या फाईली) मिळतात, डायरी, रेटिंग, परीक्षणं, सगळ्या वेगवेगळ्या. एक टीप, देवनागरीत काही लिहिलं असेल तर ती फाईल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका, बऱ्याचदा अक्षरांचा नुसता कचरा दिसतो आणि लोक घाबरून फाईल डिलीट करतात. फाईल शाबूत असते. डेटा मेनूतून इंपोर्ट करा आणि तिथे यूटीएफ-८ (देवनागरी नीट दाखवणारी अक्षरांची पद्धत) निवडा, किंवा सरळ गूगल शीट्समध्ये टाका.

प्रश्न : वर्ष संपल्यावर या यादीचं करायचं काय? टॉप टेन काढू?

उत्तर : काढा की, सगळेच काढतात. पण त्याच्या आधी एक खेळ करा. यादीतली फक्त नावं वाचत जा, नोंदी झाकून, आणि ज्या नावापुढे डोक्यात काहीच येत नाही त्यावर खूण करा. मग झाकलेली नोंद उघडा. नोंद वाचून सिनेमा आठवला तर तुमची लिहायची पद्धत बरोबर आहे, नोंद वाचूनही नाही आठवला तर पुढच्या वर्षी लिहायची तऱ्हा बदला. मग दशकाप्रमाणे आणि भाषेप्रमाणे सॉर्ट करा. मला यातलं दशकवालं जास्त आवडतं, १९७० च्या आधीचं काही आहे का एवढंच बघायचं, बहुतेकांकडे नसतं, आणि मग जानेवारीत काय लावायचं हा प्रश्न सुटतो.

प्रश्न : शेवटचा आणि अगदी बारीक प्रश्न. ३१ डिसेंबरला रात्री अकराला सिनेमा सुरू केला, संपला तेव्हा नवीन वर्ष लागलेलं. कुठल्या वर्षात लिहू?

उत्तर : सुरू केला त्या. मधे बाराला थांबवून सगळ्यांना शुभेच्छा दिल्या असतील तर तेही लिहा, किती मिनिटांवर थांबवला होता त्यासकट.